नाडी न पाहता दिलेला इलाज

कॉम्प्युटर संथ झाला की आपल्याकडे एक वाक्य तयार असते. "प्रोसेसर जुना झालाय, आता नवीन घ्या." आवाज येत नसला तर दुसरे वाक्य. "मदरबोर्डवरचा साउंड उडालाय." ही दोन्ही वाक्ये बहुतेक वेळा काहीही न तपासता बोललेली असतात. सांगणाऱ्याने ना कॅबिनेट उघडलेले असते, ना मशीन त्या क्षणी किती वेगाने चालते आहे हे पाहिलेले असते. तरीही आपण मान हलवतो आणि खिशात हात घालतो. जुन्या काळी हकीम नाडी पाहिल्याशिवाय काढा लिहून देत नसत. आता नाडी पाहणे बंद झाले आहे, थेट दफनाची तयारी सुरू होते.

ही सवय आपल्याला महाग पडते आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्याकडे पैसा कमी आहे, त्यांना ती सर्वांत जास्त महाग पडते.

हा विषय आजच काढण्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कार्यालयांतून, शाळांतून, बँकांतून चालू स्थितीतली मशीन बाहेर पडत आहेत. काही भंगारात जातात, काही दान म्हणून मोहल्ल्यातल्या अभ्यासिका, वाचनालये, लहान शाळा यांच्याकडे येतात. तिथे परवान्याचा खर्च नको म्हणून कुणीतरी त्यांवर लिनक्स बसवून देतो. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेली ही प्रणाली आज फुकट मिळते, जुन्या मशीनवर चालते आणि तिचा कोड कुणालाही वाचता येतो. पण महिन्याभरात तक्रार येते की मशीन रखडते, आवाज येत नाही. मग निष्कर्ष ठरलेला, "फुकटचं ते फुकटचंच."

आमच्या तालुक्याच्या गावातल्या अभ्यासिकेत हेच झाले. तिथे दहा कॉम्प्युटर दानात आलेले होते. सगळ्यांत इंटेल कोअर टू ड्युओ ई७५०० हा प्रोसेसर, म्हणजे २.९३ गिगाहर्ट्झचा, दोन कोअरचा. जुना खरा, पण टायपिंग, पीडीएफ, परीक्षेचे ऑनलाइन अर्ज आणि साध्या व्हिडिओ व्याख्यानांना पुरेसा. तपासायला आलेल्या मेकॅनिकने दहा मिनिटांत निकाल दिला. दहाही मशीन गेलेली, आवाजाचे तर नावच नको. नव्या दहा मशीनचा अंदाज अडीच लाखांचा निघाला. समितीतले एक बुजुर्ग मला म्हणाले, "सर, वर्गणी काढून दोन येतील. बाकीची पोरं कुठं बसवायची?"

याच अभ्यासिकेत एक मुलगी येते. तिला दिसत नाही. ती बँकेच्या परीक्षेची तयारी करते. लिनक्सवर ऑर्का नावाचा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असतो. त्याला ईस्पीक-एनजीचा आवाज जोडला की तो मराठीही वाचतो. उच्चार यांत्रिक असतो, पण समजतो. तिने एकदाच आणि शांतपणे सांगितले, "सर, स्क्रीन नसली तरी मला चालेल, पण आवाज पाहिजे." कॉम्प्युटरमधला आवाज ही करमणुकीची बाब आहे असे समजणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. तिच्यासाठी गप्प बसलेले मशीन म्हणजे बंद पडलेलेच मशीन.

वेग मोजायचा असतो

आधी प्रोसेसरचे पाहू. आजचा कोणताही प्रोसेसर सतत पूर्ण वेगाने धावत नाही. काम नसले की तो वेग उतरवतो, वीज वाचवतो, कमी तापतो. काम आले की चढतो. ई७५०० पुरते सांगायचे तर त्याचा पाया २६६ मेगाहर्ट्झचा. ११ पटीने २.९३ गिगाहर्ट्झ होतात आणि सहा पटीने १.६ गिगाहर्ट्झ. निवांत असताना तो १.६ वर बसतो. त्यामुळे कुणी स्क्रीनवर १६०० चा आकडा पाहून "बघा, प्रोसेसर निम्म्यावर आलाय" म्हणाला, तर घाईने मान्य करू नये. झोपलेल्या माणसाची नाडी मंद असते, तो आजारी नसतो.

खरी तपासणी कामाच्या वेळी करायची. एखादा व्हिडिओ चालू करावा किंवा मोठी फाइल झिप करायला लावावी, आणि त्याच वेळी ‘प्रोक’ या फोल्डरातली ‘सीपीयूइन्फो’ ही फाइल पुन्हा पुन्हा वाचावी. प्रत्येक कोअरचा त्या क्षणाचा वेग तिथे मेगाहर्ट्झमध्ये लिहिलेला असतो. कामाच्या वेळी आकडा चढला तर प्रोसेसर ठणठणीत. चढलाच नाही, तर कुणीतरी त्याला बांधून ठेवले आहे.

आमच्या दहापैकी सहा मशीन अशी बांधलेली निघाली. लिनक्समध्ये वेग ठरवणाऱ्या कारभाऱ्याला गव्हर्नर म्हणतात. ‘परफॉर्मन्स’ म्हणजे कायम वरचा वेग, ‘ऑनडिमांड’ आणि ‘शेडयुटिल’ म्हणजे गरजेप्रमाणे वरखाली, आणि ‘पॉवरसेव्ह’ म्हणजे या जुन्या प्रोसेसरवर तरी कायम खालचा वेग. कुणीतरी वीज वाचवण्याच्या चांगल्या हेतूने या सहा मशीनवर पॉवरसेव्ह लावून ठेवले होते. व्हिडिओ चालला काय, ब्राउझर उघडला काय, आकडा १६०० वरून हलत नव्हता. २९३३ ची ताकद असलेला गडी १६०० वर जुंपलेला. एक ओळीचा आदेश देऊन गव्हर्नर ऑनडिमांड केला आणि मशीन पुन्हा चालू झाल्यावर तो तसाच राहावा म्हणून सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ठेवला. हे दुसरे काम विसरले तर रात्री बंद केलेले मशीन सकाळी पुन्हा रडगाणे सुरू करते, आणि मग लोक म्हणतात की दुरुस्ती टिकली नाही.

इथे एक बारीक भेद सांगायला हवा, कारण अर्धवट माहितीनेही नुकसान होते. इंटेलच्या २०११ नंतरच्या बऱ्याच प्रोसेसरवर लिनक्स ‘इंटेल पी-स्टेट’ नावाचा वेगळा चालक वापरतो. त्यात पॉवरसेव्ह हे नाव दिसले तरी वेग गरजेप्रमाणे चढतो. नाव तेच, अर्थ वेगळा. म्हणून नाव पाहून घाबरण्यापेक्षा कामाच्या वेळचा आकडा पाहावा.

दोन मशीनचा आजार निराळा होता. सुरुवातीला वेग पूर्ण चढायचा आणि पाच-सात मिनिटांनी धपकन उतरायचा. अशा वेळी लिनक्सची रोजनिशी वाचावी. ‘डीमेसेज’ हा आदेश दिला की कर्नलने सुरुवातीपासून केलेल्या नोंदी समोर येतात. तिथे सरळ लिहिलेले होते की तापमान मर्यादेच्या वर गेले म्हणून प्रोसेसरचा वेग कमी केला. प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःला आवरत होता. कॅबिनेट उघडले तर पंख्याखालच्या पट्ट्यांमध्ये धुळीची गोधडी. एकात तर पंखा धरून ठेवणाऱ्या चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांपैकी एक निसटलेली, म्हणजे धातूचा ठोकळा प्रोसेसरला नीट टेकलेलाच नव्हता. ब्रशने धूळ काढली, वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावली, खुंटी बसवली. वेग टिकला.

नववे मशीन रखडत होते, पण प्रोसेसर रिकामा बसलेला. ‘टॉप’ या आदेशात प्रोसेसर किती वेळ डिस्कची वाट पाहतो याचाही आकडा असतो. तो खूप चढलेला होता आणि रोजनिशीत डिस्क वाचताना येणाऱ्या चुकांची रांग लागलेली. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. दोष एकाचा, बदनामी दुसऱ्याची. तिथे लहान एसएसडी बसवली. दहाव्या मशीनच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले होते. ते खरोखरच गेलेले होते, आणि ते तसे आम्ही लिहून ठेवले. मी काही जुन्या यंत्रांचा भक्त नाही. गेलेले ते गेलेलेच. पण दहात एक गेले असताना दहा गेली म्हणणे हे निदान नव्हे.

आणखी एक जुना आजार जाणत्यांना आठवत असेल. एएमडीच्या अ‍ॅथलॉन एक्सपी प्रोसेसरच्या काळात मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की बायोस आपली सेटिंग विसरायचा आणि मूळ घड्याळ १३३ वरून १०० मेगाहर्ट्झवर यायचे. मग २०००+ नावाचा प्रोसेसर १६६७ ऐवजी १२५० वर चालायचा. लोक व्हायरसला शिव्या द्यायचे, आणि इलाज असायचा एका सेलचा. आजही जुन्या मशीनची तारीख दर वेळी मागे जात असेल तर आधी तो सीआर२०३२ सेल बदलावा.

मुका झालेला की गप्प केलेला?

आता आवाज. मदरबोर्डवरची आवाजाची चिप सहसा इतक्या सहज मरत नाही. ती गप्प केलेली असते, किंवा भलत्याच दाराने बोलत असते.

लिनक्समध्ये आवाज दोन मजल्यांचा आहे. खालच्या मजल्यावर अल्सा, जो चिपशी थेट बोलतो आणि २००३ अखेरीस आलेल्या २.६ कर्नलपासून त्याचा अधिकृत भाग आहे. वरच्या मजल्यावर पूर्वी पल्सऑडिओ असायचा, आता बहुतेक ठिकाणी पाइपवायर असतो. कोणत्या प्रोग्रॅमचा आवाज कोणत्या दाराने बाहेर जाईल हे वरचा मजला ठरवतो. तक्रार आली की आपण वरच्या मजल्यावरचा स्लायडर ओढत बसतो आणि खालच्या मजल्यावर नळ बंद असतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. पहिले, चिप दिसते का? ‘एप्ले’ आदेशाला यादी मागितली की सापडलेली साउंडकार्डे दिसतात. यादीच रिकामी असेल तर बायोसमध्ये जाऊन ऑनबोर्ड ऑडिओ बंद केलेला नाही ना, ते पाहावे. दुसरे, चिप दिसते पण गप्प आहे का? ‘अल्सामिक्सर’ उघडावा. प्रत्येक पट्टीखाली दोन अक्षरे असतात. इंग्रजी ‘एम एम’ दिसले तर ती वाट बंद आहे, एमचे बटण दाबले की तिथे शून्ये येतात आणि वाट खुली होते. मास्टर खुला आणि फ्रंट किंवा पीसीएम बंद, हा प्रकार नेहमीचा. आमच्या नऊ मशीनपैकी पाच याच एका बटणाने बोलू लागली. त्यानंतर ‘अल्साकंट्रोल’ला ती स्थिती जतन करायला सांगितली.

तिसरे, आवाज भलत्या दाराने जातो आहे का? एका मशीनला नंतर ग्राफिक्स कार्ड बसवलेले होते. त्यावर एचडीएमआय होते आणि त्याचा स्वतःचा आवाजाचा मार्ग असतो. लिनक्सने त्यालाच मुख्य धरले होते. आवाज इमानेइतबारे मॉनिटरकडे जात होता, आणि मॉनिटरला स्पीकरच नव्हते. आवाजाच्या सेटिंगमध्ये मदरबोर्डचा अ‍ॅनालॉग मार्ग निवडला, झाले.

चौथा प्रकार सर्वांत चकवणारा. तीन मशीनवर सगळे खुले होते, मार्गही बरोबर, तरी मागच्या हिरव्या भोकातून आवाज नाही. अशा मशीनमध्ये हेडफोन लावला की मागचे स्पीकर आपोआप बंद व्हावेत अशी सोय असते, तिला अल्सामिक्सरमध्ये ‘ऑटो-म्यूट मोड’ म्हणतात. पुढच्या पॅनेलची वायर जुन्या एसी-९७ पद्धतीची असेल आणि मदरबोर्ड नव्या एचडी ऑडिओ पद्धतीचा, तर पुढे हेडफोन नसतानाही मदरबोर्डला तो आहे असे वाटत राहते. मग तो सभ्यपणे मागचा आवाज बंद ठेवतो. ऑटो-म्यूट बंद केले आणि तिन्ही मशीन बोलती झाली. दुकानात हाच आजार "साउंड चिप उडाली" म्हणून वेगळे यूएसबी साउंडकार्ड विकून मिटवला जातो. तेही काम करते, पण आजार काय होता हे कुणालाच कळत नाही.

हिशेब सांगतो. नऊ मशीन उभी राहिली. पेस्टची नळी, ब्रश, नऊ सेल आणि एक एसएसडी मिळून खर्च चार हजारांच्या आत. वेळ गेला तीन रविवार. ती मुलगी आता दाराजवळच्या मशीनवर बसते, ऑर्काचा वेग इतका वाढवून ऐकते की शेजारच्यांना एक शब्द कळत नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आमच्याच समितीत आला आणि तो हलका नाही. "सर, गरिबांच्या पोरांनी कायम दुसऱ्याची उतरलेलीच वापरायची का?" प्रश्न रास्त आहे. जुन्या प्रोसेसरची मर्यादा मी नाकारत नाही. आजचे व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून पाठवले जातात ते उलगडायला या प्रोसेसरची दमछाक होते. ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले तर चार जीबी रॅम संपते. ६५ वॉटच्या या प्रोसेसरपेक्षा आजचे लहान मशीन कमी विजेत जास्त काम करते. नवे मशीन मागण्याचा या मुलांचा हक्क आहे आणि तो सोडू नये. पण नवे येईपर्यंत चालू मशीन कोपऱ्यात झाकून ठेवणे यात कोणता स्वाभिमान आहे? शिवाय वर्गणीचा पैसा ही अमानत आहे. गव्हर्नरच्या एका ओळीसाठी अडीच लाख खर्च केले तर देणाऱ्याला काय तोंड दाखवणार? आम्ही वर्गणीतून दोन नवी मशीन घेतली, ती जड कामाला. जुनी नऊ बाकीच्यांना. आधी दोन जागा होणार होत्या, आता अकरा आहेत.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे करणार कोण? दुकानदाराला यात पैसा नाही आणि समितीला वेळ नाही. मला वाटते, याचे उत्तर त्या अभ्यासिकेतच बसलेले असते. त्या तीन रविवारी माझ्याबरोबर अकरावी-बारावीची चार पोरे होती. दुसऱ्या रविवारी ती माझ्याआधी अल्सामिक्सर उघडत होती. आपल्या मोहल्ल्यातली पोरे गॅरेजमध्ये इंजिनाचा आवाज ऐकून टॅपेट सैल आहे की क्लच घसरतोय हे सांगतात. बुद्धी तीच आहे. कॉम्प्युटरसमोर मात्र तीच पोरे हात मागे बांधून उभी राहतात, कारण हे मोठ्या लोकांचे यंत्र आहे असे त्यांना कुणीतरी शिकवलेले असते. लिनक्सने त्यांना एक गोष्ट दिली. यंत्र आपली तक्रार लिहून ठेवते, आणि ती वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.

टाकलेले मशीन कुठे जाते

"टाका की भंगारात" म्हणणाऱ्यांना एक विचारतो. भंगारातून ते कुठे जाते? दिल्लीचे सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातले मुरादाबाद ही नावे ई-कचऱ्याच्या कामासाठी देशभर ओळखली जातात. तिथे मदरबोर्ड हाताने सोलले जातात, तांब्यासाठी वायर उघड्यावर जाळल्या गेल्या आहेत, सोन्याच्या कणांसाठी सर्किट अ‍ॅसिडमध्ये बुडवली गेली आहेत. या धुरात आणि अ‍ॅसिडमध्ये हात घालणाऱ्यांत गरीब मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, बायका आणि मुलेही. आपल्या अभ्यासिकेतून न तपासता बाहेर टाकलेला बोर्ड दुसऱ्या गावातल्या आपल्यासारख्याच एखाद्या घराच्या फुप्फुसात जाऊ शकतो. ई-कचऱ्याचे नियम देशात २०११ साली आले, नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच कचरा द्यावा अशी व्यवस्था आहे. पण गल्लीत हातगाडीवाला येतो तेव्हा नियम कुणाला आठवत नाही. आमचे दहावे मशीन आम्ही नोंदणीकृत केंद्राकडे पाठवले. दुरुस्त होणारी नऊ मशीन त्या वाटेला गेलीच नाहीत, हे माझ्या लेखी जास्त महत्त्वाचे आहे.

म्हणून ज्या ज्या संस्थांकडे दानाची मशीन आहेत, अभ्यासिका असो, मदरसा असो, ग्रामपंचायतीचे वाचनालय असो, त्यांना माझी एक विनंती आहे. एखादे मशीन बाद करण्याआधी कागदावर पाच गोष्टी लिहून घ्या. कामाच्या वेळी प्रोसेसरचा वेग किती. तापमान किती. डिस्कच्या चुका रोजनिशीत आहेत का. साउंडकार्ड यादीत दिसते का. अल्सामिक्सरमध्ये कोणती वाट बंद आहे. पाच ओळींचा हा कागद मेकॅनिककडून मागा आणि तो नसेल तर नव्या खरेदीच्या ठरावावर सही करू नका. यात मेकॅनिकचा अपमान नाही. त्याने आकडे दाखवून मशीन गेले म्हटले, तर त्याला तपासणीचे पैसे आनंदाने द्या. निदानाचे पैसे द्यायला आपण शिकलो नाही, म्हणून तो विक्रीवर पोट भरतो, हेही खरे आहे.

ज्या अभ्यासिकेला हा कागद कसा लिहायचा हे समजून घ्यायचे असेल, तिने जरूर कळवावे. आमची ती चार पोरे रविवारी मोकळी असतात.